वैयक्तिक आपत्कालीन गजर सेवा

वैयक्तिक आपत्कालीन गजर सेवा ही एकट्याने राहणाऱ्या अथवा दिवसाचा बराचसा काळ घरी एकटे असणाऱ्या वृद्ध, अपंग किंवा दीर्घकाळ आजारी व्यक्तीला केवळ एक बटण दाबून मदत मागता यावी यासाठीची दूरसंचारावर आधारित सेवा होय. ब्रिटनमध्ये ती 'टेलिकेअर' या व्यापक नावाखाली ओळखली जाते, तर जर्मनीत तिला 'हाउसनोटरूफ' म्हणतात. अंगावरील बटण, घरातील मुख्य संच, दूरध्वनी जोडणी, चोवीस तास चालणारे गजर केंद्र आणि प्रत्यक्ष घरी पोहोचणारी व्यक्ती असे या सेवेचे पाच दुवे असतात. यांपैकी एक दुवा निखळला तरी उरलेल्या चारांचा उपयोग राहत नाही. ब्रिटनमध्ये सुमारे १८ लाख लोक ही सेवा वापरतात. तेथे तांब्याच्या तारांवरील जुने दूरध्वनी जाळे बंद करून इंटरनेट-आधारित जाळे आणले जात असल्याने दूरध्वनी जोडणी हा दुवा विशेष चर्चेत आला आहे.

गरज

वृद्ध किंवा हालचालीवर मर्यादा असलेली व्यक्ती घरात पडल्यास, इजा किरकोळ असली तरी तिला स्वतःहून उठता येईलच असे नाही. पडल्यानंतर एक तासाहून अधिक काळ जमिनीवर राहावे लागणे हे वैद्यकीय लिखाणात स्वतंत्रपणे अभ्यासले जाते. अशा स्थितीत शरीरातील पाणी कमी होणे, थंड हवामानात शरीराचे तापमान घटणे, सततच्या दाबामुळे त्वचेला जखमा होणे आणि न्यूमोनिया हे धोके संभवतात. दबलेल्या स्नायूंचे विघटन होऊन मूत्रपिंडांना अपाय होण्याचीही शक्यता असते. म्हणजेच धोका केवळ पडण्यात नसून मदत मिळेपर्यंत जाणाऱ्या वेळेतही असतो. गजर सेवेचा मुख्य हेतू हा वेळ कमी करणे हा आहे.

पडण्याखेरीज पक्षाघात, अपस्माराचा झटका, श्वास लागणे, चाकाच्या खुर्चीतून पलंगावर जाताना अडकणे, आग लागणे आणि घरात अनोळखी व्यक्ती शिरणे अशा प्रसंगीही या सेवेचा वापर होतो. अपंग आई-वडिलांची किंवा जोडीदाराची काळजी घेणाऱ्या व्यक्तीला नोकरी, खरेदी वा अन्य कामासाठी घराबाहेर पडता यावे हाही सेवेचा एक उपयोग आहे.

इतिहास

ब्रिटनमध्ये वृद्धांसाठी बांधलेल्या निवासी संकुलांत संकुलाच्या देखरेखीसाठी नेमलेल्या व्यक्तीला बोलावता यावे म्हणून खोल्यांतून ओढदोऱ्या आणि अंतर्गत ध्वनिसंच बसवले जात. या व्यवस्थेला इमारतीबाहेरील दूरध्वनी जोडणीची गरज नव्हती. कारण मदतनीस त्याच आवारात राहत असे. १९७० च्या दशकात जर्मनीत विल्हेल्म होरमान यांनी दूरध्वनीवर चालणारी घरगुती गजर यंत्रणा विकसित केली. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू डिबनर यांनी १९७४ मध्ये 'लाइफलाइन सिस्टिम्स' ही कंपनी स्थापन केली. दूरध्वनीच्या वापरामुळे गजर एका इमारतीपुरता मर्यादित राहिला नाही आणि स्वतःच्या घरी राहणाऱ्या व्यक्तीलाही दूरच्या केंद्राशी संपर्क साधता येऊ लागला.

ब्रिटनमध्ये पुढे ही सेवा प्रामुख्याने स्थानिक स्वराज्य संस्था, गृहनिर्माण संस्था आणि खासगी कंपन्यांमार्फत पुरवली जाऊ लागली. २००६ ते २००८ या काळात इंग्लंडमधील स्थानिक संस्थांना अशा तंत्रज्ञानासाठी ८ कोटी पौंडांचे सरकारी अनुदान देण्यात आले.

रचना आणि कार्यपद्धती

बटण: गळ्यातील दोरीला किंवा मनगटी पट्ट्याला जोडलेले हे बटण रेडिओलहरींद्वारे मुख्य संचाला संकेत पाठवते. युरोपात सामाजिक गजरांसाठी ८६९.२० ते ८६९.२५ मेगाहर्ट्झ हा वारंवारितापट्टा राखून ठेवण्यात आला आहे. स्नानगृहात पडण्याचा धोका अधिक असल्याने ही बटणे सहसा जलरोधक असतात.

मुख्य संच: घरातील विजेवर चालणाऱ्या या संचात ध्वनिक्षेपक, ध्वनिग्राहक आणि राखीव बॅटरी असते. संकेत मिळताच संच आधीच नोंदवलेल्या क्रमांकावर आपोआप दूरध्वनी लावतो. पहिला क्रमांक न लागल्यास तो पुढील क्रमांक वापरून पाहतो.

संकेतन: केंद्राशी संपर्क झाल्यावर संच प्रथम स्वतःचा ओळख क्रमांक आणि गजराचा प्रकार कळवतो. जुन्या संचांत ही माहिती दूरध्वनीच्या कळा दाबल्यावर ऐकू येणाऱ्या स्वरांसारख्या स्वरांच्या साहाय्याने पाठवली जाते. ब्रिटनमध्ये यासाठी 'बीएस ८५२१' हे मानक आहे. त्यानंतर संचाच्या ध्वनिक्षेपकावरून दोन्ही बाजूंचे संभाषण सुरू होते.

गजर केंद्र: केंद्रातील कर्मचाऱ्याला संगणकाच्या पडद्यावर ग्राहकाचा पत्ता, आजार, औषधे, संपर्कातील व्यक्ती आणि घराच्या किल्लीची व्यवस्था दिसते. त्यामुळे ग्राहक बोलू शकला नाही तरी मदत पाठवता येते.

प्रतिसाद: गरजेनुसार शेजारी, नातेवाईक, सेवेचे फिरते पथक किंवा रुग्णवाहिका पाठवली जाते. दार तोडावे लागू नये म्हणून घराबाहेर अंकी कुलपाची किल्लीपेटी बसवण्याची पद्धत आहे.

दूरध्वनी जोडणीचे प्रकार

तांब्याची तार

पारंपरिक स्थिर दूरध्वनी जोडणीत तारेला दूरध्वनी केंद्रातूनच सुमारे ४८ व्होल्ट एकदिश विद्युतपुरवठा होतो. त्यासाठी केंद्रात बॅटऱ्या आणि जनित्रे असतात. परिणामी घरातील वीज गेली तरी तार जिवंत राहते. गजर संच आपल्या राखीव बॅटरीवर आणि तार केंद्राच्या विजेवर चालत असल्याने वीज खंडित होऊनही मदत मागता येते. गजर सेवेची अनेक दशकांची विश्वासार्हता या गुणधर्मावर उभी होती.

या जोडणीतही काही अटी पाळाव्या लागतात. घरातील दुसऱ्या दूरध्वनीचा रिसीव्हर चुकून खाली राहिला तरी गजर संचाला तार ताब्यात घेता यावी यासाठी भिंतीतील मुख्य जोडबिंदू आणि इतर दूरध्वनी यांच्या मध्ये गजर संच असावा लागतो. त्याच तारेवर ब्रॉडबँड असल्यास दोन्हींचे संकेत वेगळे करणारा गाळक आवश्यक ठरतो. देयक थकल्याने किंवा सेवा पुरवठादार बदलल्याने जोडणी खंडित झाली, तर गजरही बंद पडतो.

इंटरनेट-आधारित जोडणी

या पद्धतीत आवाजाचे डिजिटल पुडक्यांत रूपांतर करून ती ब्रॉडबँडवरून पाठवली जातात. दूरध्वनी किंवा गजर संच भिंतीतील जोडबिंदूऐवजी राउटरच्या मागील दूरध्वनी खोबणीत जोडावा लागतो. येथे दोन अडचणी उद्भवतात. पहिली विजेची. प्रकाशतंतू विजेचा पुरवठा वाहून नेत नसल्याने राउटर आणि प्रकाशतंतूचा घरातील जोडसंच हे दोन्ही घरच्या विजेवर चालतात. गजर संचाला बॅटरी असली तरी राउटरला सहसा ती नसते. त्यामुळे वीज जाताच संच चालू दिसतो, परंतु त्याचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटलेला असतो.

दुसरी अडचण संकेतांची. मानवी आवाजासाठी आखलेल्या आकुंचन पद्धती, पुडके गहाळ होणे आणि पुडके पोहोचण्यातील कमीअधिक विलंब यांमुळे संभाषण समजण्याजोगे राहते, पण स्वरसंकेत मात्र विकृत होऊ शकतात. अशा वेळी दूरध्वनी लागतो, तथापि केंद्राला ग्राहकाची ओळख पटत नाही किंवा संच संपर्क पूर्ण झाल्याचे मानत नाही. दोष अधूनमधून उद्भवत असल्यास एका यशस्वी चाचणीवरून तो लक्षात येत नाही.

यावरील उपाय म्हणून स्वरांऐवजी थेट डिजिटल संदेश पाठवणारे संच वापरले जातात. त्यासाठी स्वीडनमध्ये विकसित झालेली 'एससीएआयपी' ही संदेशपद्धती आणि ब्रिटिश मानक 'बीएस ८५२१' चा दुसरा भाग वापरात आहेत. डिजिटल संच केंद्राशी ठरावीक अंतराने आपोआप संपर्क साधतो. हा नियमित संदेश न आल्यास जोडणी तुटल्याचे केंद्राला गजर होण्यापूर्वीच कळते.

मोबाइल जाळे

मुख्य संचात सिम कार्ड बसवून मोबाइल जाळ्यावरून गजर पाठवता येतो. अनेक संचांत उपलब्ध जाळ्यांपैकी चालू असलेल्या जाळ्याशी जोडणारे बहुजाळे सिम असते. घरातील वीज व ब्रॉडबँड बंद असतानाही असा संच बॅटरीवर काम करू शकतो. मात्र दीर्घकाळ वीज नसल्यास मोबाइल मनोऱ्यांच्या बॅटऱ्याही संपतात. जाड भिंतींच्या घरांत तसेच डोंगराळ भागांत संकेत क्षीण असू शकतात. याशिवाय जुन्या पिढीची मोबाइल जाळी टप्प्याटप्प्याने बंद होत आहेत. ब्रिटनमधील मोबाइल कंपन्यांनी दुसऱ्या पिढीचे जाळे २०३३ पर्यंत बंद करण्याचे मान्य केले आहे. त्यामुळे केवळ त्या जाळ्यावर चालणाऱ्या संचांचे आयुष्य मर्यादित आहे. ब्रॉडबँड आणि मोबाइल हे दोन्ही मार्ग असलेला संच यामुळे अधिक विश्वासार्ह मानला जातो.

ब्रिटनमधील डिजिटल स्थित्यंतर

ब्रिटनमधील जुने सार्वजनिक दूरध्वनी जाळे डिसेंबर २०२५ पर्यंत बंद करण्याचे उद्योगाने ठरवले होते. सप्टेंबर २०२३ पासून देशभर नव्या पारंपरिक जोडण्यांची विक्री थांबवण्यात आली. दरम्यान २६ आणि २७ नोव्हेंबर २०२१ रोजी आलेल्या 'आर्वेन' वादळात दहा लाखांहून अधिक घरांची वीज गेली व काही घरांत ती आठवड्याहून अधिक काळ परतली नाही. वीज नसताना डिजिटल दूरध्वनी चालत नाही, या मुद्द्याला त्यामुळे ठळक स्वरूप आले. मार्च २०२२ मध्ये बीटी या कंपनीने आपल्या डिजिटल दूरध्वनी सेवेचा विस्तार काही काळ स्थगित केला.

स्थलांतरानंतर गजर संच निकामी झाल्याच्या गंभीर घटना समोर आल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये प्रमुख दूरसंचार कंपन्यांनी सरकारसोबत एका सनदेवर स्वाक्षऱ्या केल्या. टेलिकेअर वापरणाऱ्या ग्राहकाकडे नव्या जाळ्यावर चालणारी यंत्रणा असल्याची खात्री झाल्याशिवाय त्याचे सक्तीने स्थलांतर न करणे आणि आधीच स्थलांतरित झालेल्या ग्राहकांची तपासणी करणे ही त्यातील मुख्य आश्वासने होती. मे २०२४ मध्ये जाळे बंद करण्याची मुदत ३१ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवण्यात आली.

दूरसंचार नियामक 'ऑफकॉम'च्या मार्गदर्शनानुसार स्थिर दूरध्वनीवर अवलंबून असलेल्या ग्राहकाला वीज खंडित असताना किमान एक तास आपत्कालीन सेवांशी संपर्क साधता येईल अशी व्यवस्था कंपनीने पुरवणे आवश्यक आहे. धोक्यात असणाऱ्या ग्राहकांना ती विनामूल्य द्यावी लागते. ही किमान मर्यादा असून वादळामुळे होणाऱ्या दीर्घ खंडासाठी ती अपुरी पडू शकते.

दूरसंचार कंपनी, गजर सेवा आणि वीज वितरण कंपनी या तीन स्वतंत्र संस्था असल्याने एकीकडील नोंद दुसरीकडे आपोआप पोहोचतेच असे नाही. म्हणून गजर वापरणाऱ्या व्यक्तीची माहिती तिन्ही ठिकाणी देणे महत्त्वाचे ठरते. वीज कंपन्या अपंग, वृद्ध आणि आजारी ग्राहकांसाठी प्राधान्य सेवा नोंदवही ठेवतात. वीज खंडित झाल्याची माहिती १०५ या विनामूल्य क्रमांकावर देता येते. अपंग व्यक्तीच्या वापरासाठीच्या आपत्कालीन गजर यंत्रणेवर मूल्यवर्धित कर शून्य दराने आकारला जातो.

इतर देशांतील तरतुदी

ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय ब्रॉडबँड जाळ्याकडे स्थलांतर होताना वैद्यकीय गजर असलेल्या घरांची स्वतंत्र नोंदवही तयार करण्यात आली. अमेरिकेत संघीय दूरसंचार आयोगाने २०१५ मध्ये केलेल्या नियमांनुसार कंपन्यांना डिजिटल दूरध्वनीच्या ग्राहकांपुढे प्रथम ८ तासांच्या आणि पुढे २४ तासांच्या राखीव विजेचा पर्याय ठेवणे बंधनकारक झाले. मात्र त्याचा खर्च ग्राहकावर टाकण्याची मुभा होती. जर्मनीत काळजीची गरज अधिकृतरीत्या ठरवलेल्या व्यक्तीला अटींच्या अधीन राहून काळजी विम्यातून गजर सेवेसाठी मासिक साहाय्य मिळते.

जोडणी बदलताना घेतली जाणारी दक्षता

दूरध्वनी किंवा ब्रॉडबँड बदलण्याचा निर्णय अनेकदा अपंग व्यक्तीच्या वतीने तिची मुले किंवा अन्य नातेवाईक घेतात. गजर संच त्याच जोडणीवर अवलंबून आहे, हे अशा वेळी नजरेआड होऊ शकते. सर्वसाधारणपणे पुढील बाबी तपासल्या जातात.

• गजर संच नव्या जोडणीवर चालतो की नाही, हे जुनी जोडणी बंद होण्यापूर्वी गजर सेवेकडून निश्चित करणे.
• राउटर, प्रकाशतंतूचा जोडसंच आणि गजर संच या तिन्हींना राखीव वीज आहे का व ती किती काळ पुरते, हे पाहणे. साखळीतील सर्वांत लवकर संपणारी बॅटरी हीच संपूर्ण व्यवस्थेची मर्यादा असते.
• स्थलांतर झाल्यावर लगेच, आणि त्यानंतर दरमहा, बटण दाबून केंद्राशी संपर्क होतो का याची चाचणी घेणे. ही चाचणी शयनगृह, स्नानगृह आणि अंगण अशा निरनिराळ्या ठिकाणांहून घेतली जाते.
• केंद्राला घरातील व्यक्तीचे नाव व पत्ता पडद्यावर दिसला का, हे विचारून घेणे. केवळ संभाषण होणे हा यशस्वी चाचणीचा पुरेसा पुरावा नाही.
• वीज बंद करून एकदा चाचणी घेणे. श्वसनयंत्रासारखी विजेवर चालणारी जीवनावश्यक उपकरणे घरात असल्यास ही चाचणी जाणकाराच्या उपस्थितीतच घेतली जाते.
• किल्लीपेटीचा अंक आणि संपर्कातील व्यक्तींचे क्रमांक अद्ययावत ठेवणे.

अपंगत्वानुसार साधने

बोटांत जोर नसलेल्या व्यक्तीसाठी मोठ्या पृष्ठभागाची हलक्या स्पर्शाने चालणारी कळ आणि हात हलवता न येणाऱ्या व्यक्तीसाठी फुंकरीने वा श्वास ओढून चालणारी कळ उपलब्ध आहे. व्यक्ती बेशुद्ध पडल्यास उपयोगी ठरावा म्हणून पडणे ओळखणारा संवेदक वापरला जातो. पलंगावरून उठलेली व्यक्ती ठरावीक वेळेत परतली नाही तर कळवणारे संवेदक तसेच धुराचे संवेदकही मुख्य संचाला जोडता येतात. कर्णबधिर किंवा वाचादोष असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत संभाषणाविना मदत पाठवण्याची सूचना केंद्राकडे आधीच नोंदवली जाते. ब्रिटनमध्ये ब्रिटिश सांकेतिक भाषेतून दृश्यसंवादाद्वारे आपत्कालीन सेवांशी संपर्क साधण्याची '९९९ बीएसएल' ही सेवा जून २०२२ मध्ये सुरू झाली.

ओढदोरी वापरल्यास ती जमिनीवर पडलेल्या व्यक्तीच्या हाताला येणे आवश्यक असते. इंग्लंडच्या बांधकामविषयक मार्गदर्शनानुसार अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहातील लाल दोरीला दोन कडी असतात. एक जमिनीपासून १०० मिलिमीटरवर आणि दुसरे ८०० ते १००० मिलिमीटर उंचीवर. दोरी अडथळा ठरते म्हणून ती वर गुंडाळून ठेवल्यास तिचा उपयोग संपतो.

मर्यादा

जोडणी निर्दोष असली तरी बटण दाबले जाईलच याची शाश्वती नसते. केंब्रिज येथे नव्वदीपुढील ११० व्यक्तींची वर्षभर पाहणी करून केलेला एक अभ्यास २००८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. पडल्यानंतर दीर्घकाळ जमिनीवर राहण्याच्या बहुतेक प्रसंगी गजराची सोय असूनही ती वापरली गेली नव्हती, असे त्यात आढळले. बटण अंगावर नसणे, कोणाला त्रास देऊ नये अशी भावना, रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात हलवले जाण्याची भीती आणि विस्मरण ही अशा टाळाटाळीची संभाव्य कारणे मानली जातात. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला बटणाचे प्रयोजन लक्षात राहीलच असे नाही. सततच्या संवेदकांमुळे व्यक्तीच्या खासगीपणाचा प्रश्नही उभा राहतो. त्यामुळे साधन कोणते असावे याचा निर्णय वापरणाऱ्या व्यक्तीच्या संमतीने होणे इष्ट समजले जाते.

भारतातील स्थिती

भारतात आपत्कालीन मदतीची सार्वजनिक व्यवस्था प्रामुख्याने ११२ या एकत्रित क्रमांकावर आधारलेली आहे. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून कार्यरत आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तो माहिती, मार्गदर्शन आणि आधार यांसाठी असून तातडीच्या गजराचा पर्याय नाही.

केंद्र सरकारच्या २०१६ मधील नियमांनी मोबाइल संचांत आपत्कालीन कळ अनिवार्य केली. साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ हा अंक दाबून धरल्यास, तर स्मार्टफोनमध्ये विशिष्ट कळ दाबून धरल्यास किंवा चालू-बंद कळ लागोपाठ तीनदा दाबल्यास आपत्कालीन संपर्क साधला जावा, अशी ही तरतूद आहे. ही सोय स्वतंत्र संचाविना मिळत असली तरी फोन हाताशी आणि चार्ज केलेला असणे गरजेचे असते. तसेच केंद्राकडे व्यक्तीच्या आजाराची व किल्लीची पूर्वनोंद नसते.

भारतातील स्थिर दूरध्वनीही तांब्याच्या तारेवरून प्रकाशतंतूकडे वळत आहे. त्यामुळे वीज गेल्यावर दूरध्वनी बंद पडण्याची समस्या येथेही उद्भवते. राउटर आणि जोडसंच इन्व्हर्टरवर घेतल्यास ती काही प्रमाणात टळते. परदेशी राहणाऱ्या मुलांना तेथून ११२ लावून भारतातील मदत मागवता येत नाही. परदेशात तो क्रमांक लागलाच तर तेथील स्थानिक सेवेला लागतो. म्हणून गजर प्रथम दूरच्या नातेवाईकाकडे न जाता किल्ली जवळ असलेल्या शेजाऱ्याकडे किंवा स्थानिक सेवेकडे जाणे अधिक उपयुक्त ठरते.

हे सुद्धा पहा

• स्थिर दूरध्वनी
• इंटरनेट दूरध्वनी
• ११२ (आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक)
• वृद्धत्व
• अपंगत्व